पहिल्या सेल्फचा धूर

धुराची तक्रार असलेली गाडी आदल्या संध्याकाळीच आणून लावायची, हा मिस्त्रींच्या गॅरेजचा नियम होता. कुणी सकाळी घरून चालवत आणली तर ते तिला हातही लावत नसत. "जेवून आलेल्या पाहुण्याची भूक काय मोजायची?" म्हणायचे. इंजिन रात्रभर निवलं पाहिजे, तेल खाली उतरलं पाहिजे, लोखंड आक्रसलं पाहिजे. मग उजाडल्यावर बॉनेटवर पालथा हात ठेवून बघायचं आणि पहिला सेल्फ मारायचा. त्या पहिल्या सेल्फला सायलेन्सरमधून जे बाहेर पडेल ते खरं. ते पाच-दहा सेकंद इंजिन खोटं बोलत नाही. एकदा गरम झालं की तेही माणसासारखं सावरून बसतं आणि विचारलं तर म्हणतं, मला कुठं काय झालंय!

पण या कामात एक मेख होती. सेल्फ मारणारा पुढे बसतो आणि धूर मागून निघतो. म्हणजे हे एकट्याचं काम नव्हे. तीस वर्षं मिस्त्री पुढे बसले आणि त्यांची बायको मागे राहिली. सगळं गिऱ्हाईक तिला काकू म्हणायचं. गॅरेजची मागची भिंत तिनं हट्टानं काळी रंगवून घेतली होती, शाळेतल्या फळ्यासारखी. तोंडाला पदर, डाव्या हातात खडू, आणि सायलेन्सरच्या बाजूला उकिडवी बसलेली. आधी म्हणायची, "देवा, सांभाळ." मग जरा आवाज चढवून, "हं, मारा!" मिस्त्री किल्ली फिरवत, आणि मागून निकाल येई, "अहो, निळा!" नाहीतर, "काळाकुट्ट हो, चूल बरी!"

लगेच भिंतीवर खूण. निळ्याला फुली, काळ्याला चौकोन, पांढऱ्याला गोल. पुढे, धूर जितके सेकंद टिकेल तितक्या उभ्या रेघा. चार झाल्या की पाचवी त्यांच्यावरून तिरकी. डावखुरी असल्यामुळे तिची तिरकी रेघ जगाच्या उलट्या बाजूनं उतरायची. सगळ्या खुणा गुडघ्याच्या उंचीवर, सायलेन्सरच्या बरोबरीनं. गाडी बरी झाली की ओल्या फडक्यानं ती स्वतः खूण पुसायची. "बरं झालेल्याचं दुखणं भिंतीवर ठेवू नये," म्हणायची, आणि फडकं पिळून खिळ्याला अडकवायची.

निळा म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरा म्हणजे आत पाणी शिरतंय. शास्त्र एवढंच. बाकी सगळी सोबत.

ती सोबत दोन वर्षांपूर्वी सुटली. काकूला सकाळी उठल्या उठल्या खोकला यायचा. चहा होईस्तोवर यायचा, मग दिवसभर नाव नाही. ती हसून म्हणायची, "माझाही पहिल्या सेल्फला धूर निघतो बघा." आणि मिस्त्री हातातला पाना न ठेवता म्हणायचे, "गरम झालं की जातो." दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरला आणि विचारलं, "खोकला कधीपासून? सकाळी किती वेळ राहतो?" मिस्त्रींना सांगता येईना. गावभरच्या गाड्यांचे सेकंद ज्याला पाठ, त्या माणसानं घरातला खोकला एकदाही मोजला नव्हता.

त्यानंतर त्यांनी धुराचं काम घेणं बंद केलं. ब्रेक, क्लच, बेल्ट, काय ते. कुणी धुराचं नाव काढलं की दुसऱ्या गॅरेजचा पत्ता सांगायचे. भिंतीवर काकूची शेवटची खूण होती, एक फुली आणि तीन रेघा, कुठल्याशा डिलिव्हरी व्हॅनची. ती व्हॅन केव्हाच बरी होऊन गेली होती. खूण पुसायला कुणी उरलं नव्हतं.

शिवणक्लास चालवणारी बाई एका संध्याकाळी आली तेव्हा मिस्त्री शटर ओढायच्या बेतात होते. तिची गाडी जुनी, तिच्या बाबांच्या उमेदीतली, सव्वीस वर्षांची. रंग उडालेला, पण सीटची कव्हरं मात्र नवी, घरी शिवलेली.

"सकाळी सुरू करताना धूर येतो मिस्त्री. थोडाच. मग जातो."

"धुराचं मी बघत नाही बाई आता."

"माहीत आहे मला." ती हलली नाही. "पण परवा बाबांना न्यायचंय. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही घाटापलीकडे. एक वेळ चुकली की पाय सुजतात, श्वास लागतो. घाटात ही बंद पडली तर मी काय करू? दुसऱ्या कुणाच्या निकालावर मी त्यांना आत बसवणार नाही."

मिस्त्रींनी गाडीकडे पाहिलं, मग मागच्या भिंतीकडे. "दोन सकाळी लागतील," ते म्हणाले. "एका सकाळवरून मी बोलत नसतो."

शेजारी पत्र्याच्या आडोशापलीकडे वेल्डरचं दुकान. त्याला सगळे ठिणगी म्हणत. त्यानं तोंडावरची काच वर करून विचारलं, "मागे कोण उभं राहणार? मी येऊ?"

"नको."

"डोळे चांगले आहेत अजून माझे."

"तुझे डोळे वेल्डिंगनं भाजलेत. तुला अख्खं जगच निळं दिसतं."

ठिणगी हसला, पण त्याला कळलं. त्या जागी दुसरं कुणी बसलेलं मिस्त्रींना बघवलं नसतं, एवढी साधी गोष्ट होती ती. त्यांनी त्यावर तोड काढली. भंगारात एका मोठ्या महागड्या गाडीचा बाहेरचा आरसा पडला होता, मागून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपू नयेत म्हणून बनवलेला. तो त्यांनी स्टँडला बांधला आणि अशा कोनात लावला की ड्रायव्हरच्या सीटवरून सायलेन्सरचं तोंड नेमकं दिसावं. मग रेडिएटरचं झाकण न उघडता, कशालाही न छेडता गाडी तशीच ठेवली, शटर ओढलं, कुलूप लावलं आणि वरच्या खोलीत निजायला गेले.

सकाळी उठल्यावर जरा खोकला आला. बेसिनपाशी आला, जिन्यात आला. थंडीच होती तशी.

बॉनेट गार. मिस्त्री सीटवर बसले, किल्ली लावली, आणि काही क्षण हात तसाच राहिला. कशाची वाट बघतोय ते लक्षात आल्यावर स्वतःशीच मान हलवली आणि सेल्फ मारला. दुसऱ्या फेऱ्यात इंजिन सुरू झालं. आरशात सायलेन्सरच्या तोंडातून निळसर लोट उठला, रेंगाळला, विरला. मनातल्या मनात मोजलं, आठ.

निळा. वॉल्व्हची सीलं. रात्री तेलाचे चार थेंब खाली झिरपतात, सकाळी जळतात. जुन्या गाडीचा जुनाच आजार, जीव घेणारा नव्हे. त्यांना हायसं वाटलं. धुराचा वास घ्यायला मागे जायचा प्रश्न नव्हता. नाक त्यांचं कधीच गेलं होतं, पेट्रोलच्या वाफांत.

इंजिन बंद करून ते आरसा पुसायला मागे गेले, आणि तिथं त्यांची नजर भिंतीवर गेली.

जुन्या फुलीच्या शेजारी एक गोल होता. पुढे चार रेघा, त्यांच्यावरून तिरकी, आणि आणखी तीन.

आता, माणूस शहाणा असला की आधी सोपी कारणं शोधतो, आणि मिस्त्री शहाणे होते. जुनीच खूण असेल, म्हणाले. आपलं लक्ष गेलं नसेल. पण ती भिंत ते दोन वर्षं रोज बघत होते. त्यांनी बोट फिरवलं तर बोटाला खडू आला. जुन्या फुलीवर फिरवलं तर काहीच आलं नाही. शटरचं कुलूप त्यांनी स्वतः उघडलं होतं. ठिणगी चेष्टेखोर खरा, पण मेलेल्याच्या नावानं चेष्टा करणाऱ्यातला नव्हे. शिवाय ठिणगी उजवा. पाचवी रेघ उलट्या बाजूनं उतरली होती.

खडूचा डबा फळीवर होता तिथंच होता. झाकणावर धूळ होती.

"काय निघालं?" ठिणगीनं पत्र्यावरून विचारलं.

"निळा."

"मग चेहरा का पांढरा?"

मिस्त्रींनी बोटावरचा खडू पँटला पुसला. त्या दिवशी त्यांनी एका रिक्षाचा ब्रेक दोनदा उघडला आणि दोनदा तसाच बसवला.

दुसऱ्या सकाळी त्यांनी सीटवर बसण्याआधी भिंत बघून घेतली. कालचाच गोल, कालच्याच रेघा. जमीन झाडलेली. मग बसले. या वेळी आरशातून नजर काढायची नाही असं ठरवून सेल्फ मारला. निळसर लोट आला. सायलेन्सरमागे कुणी नव्हतं. लोट सरळ भिंतीकडे गेला, आणि भिंतीच्या अलीकडे, गुडघ्याच्या उंचीवर, मधेच दुभंगला. वाटेत काही उकिडवं बसलेलं असावं तसा दोन्ही बाजूंनी वळून गेला. नऊ सेकंद.

इंजिनच्या आवाजात त्यांना दुसरा एक आवाज ऐकू आला. खडू फळ्यावर दाबला की येतो तसा.

ते उतरून मागे जाईपर्यंत हवा स्वच्छ झाली होती. कालच्या गोलावरून पुन्हा गोल काढला होता, आणि त्याच्यावरून पुन्हा, इतका दाबून की रंगाचे पोपडे निघाले होते. ऐकत नसलेल्या पोराला तेच तेच समजावून सांगावं तसा. पुढे नऊ रेघा. जमिनीवर खडूचा तुकडा पडला होता, मोडलेला.

मिस्त्रींनी तो उचलला नाही.

नऊ वाजता शिवणबाई आली. येताना बाबांची फाईल आणि पाण्याची बाटली घेऊनच आली, म्हणजे गाडी न्यायच्या तयारीनं. इंजिन तोवर गरम झालेलं, घड्याळासारखं चालत होतं. सायलेन्सरमागे कापूस धरला तरी काळा झाला नसता.

"निळा आहे," मिस्त्री म्हणाले. आपला आवाज त्यांना दुसऱ्याचा वाटला. "सीलं गेलीत. घाबरण्यासारखं नाही. सुरुवातीला येतो, गरम झालं की..."

वाक्य तिथंच थांबलं. हे शब्द याआधी कुठं आणि कुणाला म्हटले होते ते त्यांना आठवलं.

बाईनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मिस्त्री, रागवू नका. मागच्या खेपेला बाबांबरोबर आले होते तेव्हा तुम्ही काळा म्हणालात आणि काकू म्हणाल्या, 'पुढे बसणाऱ्यानं मागचं बोलू नये.' सगळे हसलो होतो. आज मागे कोण होतं?"

"आरसा आहे," मिस्त्री म्हणाले, आणि दाखवायला वळले.

आरशात ते स्वतः उभे होते. त्यांची दाढी पूर्ण पिकलेली, काल धुतलेला सदरा पांढराशुभ्र. आरशात दाढी निळसर होती. सदरा निळसर होता. मागून डोकावणाऱ्या बाईच्या हातातली पांढरी फाईलसुद्धा.

डोळे दिपू नयेत म्हणून काचच निळी होती. तीस वर्षं हेच काम केलेल्या मिस्त्रीनं आरसा लावला आणि काचेचा रंग बघितला नाही.

"बाई," ते सावकाश म्हणाले, "रेडिएटरमध्ये पाणी भरावं लागतं का हो?"

"भरते की. पंधरा दिवसांनी तांब्याभर. जुनी गाडी आहे, तहान लागणारच."

"आणि खाली गळतं?"

"खाली कधी थेंब नाही."

खाली गळत नाही, वरून कमी होतं. मग जातं कुठं? मिस्त्रींनी पाना घेतला आणि एकेक प्लग काढून फडक्यावर मांडला. पहिला, दुसरा, चौथा काजळलेले. तिसरा लखलखीत, वाफेनं धुऊन काढल्यासारखा. तो त्यांनी उजेडाकडे धरून पाहिला. पाणी अडवणाऱ्या हेडच्या गॅस्केटला तिसऱ्या सिलिंडरपाशी वाट पडली होती. रोज रात्री थोडं थोडं पाणी आत उतरत होतं, रोज सकाळी वाफ होऊन जात होतं, आणि दिवसभर गाडी कशी छान चालायची.

"ही आज घाट चढणार नाही," ते म्हणाले. "अर्ध्यात उकळली असती. मी तुम्हाला चालवा म्हणणार होतो बाई. म्हटलंच होतं जवळजवळ."

बाईनं फाईल छातीशी धरली. "मग बाबा? आज अकराला निघायचंय."

पत्र्यामागून ठिणगीचा आवाज आला, "मी नेतो की! टेम्पो आहे माझा. नाव ठिणगी असलं तरी गाडी थंड डोक्यानं चालवतो."

"टेम्पोत बाबा?"

"पुढच्या सीटवर गादी घालतो. राजासारखे येतील. फक्त त्यांना माझं गाणं ऐकावं लागेल."

बाई हसली आणि हसता हसता डोळे पुसले. तिला दारापर्यंत सोडताना मिस्त्रींना वाटलं, सांगावं हिला, निकाल कुणी दिला ते. पण काही गोष्टी देवापुढेसुद्धा हळूच बोलाव्या लागतात. ते नुसते म्हणाले, "बाबांना नमस्कार सांगा."

हेड उतरवलं, घासून सपाट करून आणलं, नवं गॅस्केट घातलं. पाच दिवस गेले. दरम्यान ठिणगीच्या टेम्पोतून बाबा दोनदा घाट चढून गेले, आणि दुसऱ्या खेपेला म्हणे त्यांनीच गाणं म्हटलं. मिस्त्रींनी आरसा काढून भंगारात टाकला. त्या जागी दुसरं काही ठेवलं नाही.

सहाव्या सकाळी बॉनेटवर पालथा हात ठेवला. गार. सीटवर बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हटलं, "देवा, सांभाळ."

मग थांबले. आत्तापर्यंत ज्याची लाज वाटत होती ते आज उघड उघड केलं. कान मागे लावून वाट बघितली.

सेल्फ मारला. इंजिन सुरू झालं. मागून काही आवाज आला नाही.

ते उतरून गेले. धुराचा मागमूस नव्हता. भिंतीवरचा गोल नव्हता, नऊ रेघा नव्हत्या, त्या जुन्या व्हॅनची फुलीही नव्हती. काळ्या रंगावर पुसल्याचा ओला अर्धवर्तुळाकार पट्टा होता आणि तो त्यांच्या डोळ्यांदेखत कडेनं वाळत चालला होता. फडकं खिळ्याला होतं. त्यातून एक थेंब पडला.

मिस्त्री तिथंच, तिच्या जागी, उकिडवे बसले. म्हातारपणी माणूस रडतो ते असंच, कुणाला ऐकू न जाऊ देता. "मी मोजला नाही गं," म्हणाले. "एकदासुद्धा मोजला नाही."

दहाला बाई गाडी घेऊन गेली. वळणावर तिनं हॉर्न वाजवला.

दुसऱ्या दिवशी थंडी वाढली होती. मिस्त्रींना जाग आली ती खोकल्यानंच. बेसिनपाशी पुन्हा आला, जिन्यात एकदा, आणि शटरचं कुलूप काढताना एकदा. चहा झाला की थांबेल, मनात म्हणाले, आणि शटर वर ढकललं.

गॅरेज रिकामं होतं. आज कुठलीच गाडी नव्हती.

भिंतीवर गोल होता.

सायलेन्सरच्या उंचीवर नव्हता. वर होता, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर. त्याच्यापुढे चार रेघा, नीट, सावकाश काढलेल्या.

मिस्त्रींनी सकाळपासूनचा खोकला मागे मोजत नेला. कुलपापाशी. जिन्यात. बेसिनपाशी. अंथरुणात.

घसा खवखवला. त्यांनी खोकला आवरून धरला, तोंडावर बाही दाबली, पाठ वळवली. आवरला नाही.

ते वळून बघेपर्यंत चार रेघांवरून पाचवी उतरली होती, उलट्या बाजूनं. तिची भुकटी अजून जमिनीवर टेकायची होती.